सहलीची गाडी, मुक्कामाची थंडी

१५ फेब्रुवारी १९३६ रोजी अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटा राज्यातल्या पार्शल या खेड्यात पारा उणे ५१ अंश सेल्सिअसवर उतरला. राज्याचा तो नीचांक आजही कायम आहे. आसपासच्या मोजक्या शेतकऱ्यांखेरीज तेव्हा कोणाला त्याचं सोयरसुतक असायचं कारण नव्हतं. पुढे सत्तर वर्षांनी, २००६ मध्ये, याच पार्शलच्या जमिनीखाली मोठं तेलक्षेत्र सापडलं. एरवी हिवाळ्यात ज्या माळाकडे कोणी फिरकत नसे, तिथे देशभरातून हजारो माणसं कामाला आली, आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी आपलं बिऱ्हाड गाडीला जोडून मागून ओढत आणलं.

हे बिऱ्हाड म्हणजे ट्रॅव्हल ट्रेलर. आत बिछाना, ओटा, छोटं न्हाणीघर, गॅसची शेगडी, खाली चाकं. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलाबाळांना घेऊन तळ्याकाठी चार दिवस राहावं, मासे पकडावेत आणि परत यावं, यासाठी बनवलेली गाडी. तेलकामगारांनी तिच्यात नोव्हेंबर ते एप्रिल काढला.

हौस म्हणून नव्हे. बाकन नावाच्या खडकाच्या थरातून तेल इतक्या वेगाने उपसलं जाऊ लागलं, की २०१२ मध्ये नॉर्थ डकोटाने अलास्काला मागे टाकून टेक्ससखालोखाल दुसरा क्रमांक गाठला. या धामधुमीचं केंद्र असलेल्या विलिस्टनची लोकसंख्या २०१० च्या जनगणनेत १४,७१६ होती आणि २०२० मध्ये २९,१६०. ही मोजणी कायम राहणाऱ्यांची. येऊन-जाऊन राहणारे किती, याचा हिशेब ठेवणंही गावाला जमत नव्हतं. २०१४ च्या सुरुवातीला तिथल्या सातशे चौरस फुटांच्या साध्या घराचं महिन्याचं भाडं सुमारे २,४०० डॉलर झालं, म्हणजे न्यूयॉर्क आणि सॅन फ्रान्सिस्कोपेक्षाही जास्त. मोटेलं भरलेली. एका चर्चच्या पाद्र्याने आलेल्यांना चर्चमध्ये आणि वाहनतळावर झोपायला जागा दिली, तर गावकऱ्यांशी त्याचे खटके उडाले. त्यावर २०१४ मध्ये ‘द ओव्हरनायटर्स’ नावाचा माहितीपटही आला. अशा गावात ज्याच्याकडे स्वतःचा ट्रेलर होता, तो नशीबवान समजला जाई. जानेवारी उजाडेपर्यंत.

कडाक्याच्या थंडीत ट्रेलर कसा उबदार ठेवावा, याविषयी अमेरिकेत जे सांगितलं जातं ते बहुतेक सगळं जुगाडाचं असतं. खिडकीला बुडबुड्यांचं प्लास्टिक चिकटवा, छपरातल्या झरोक्यात फोमची उशी कोंबा, गालिचे अंथरा, अंथरुणाखाली पाण्याची गरम पिशवी ठेवा. सल्ले खोटे नाहीत, उपयोगीच आहेत. पण ते वाचता वाचता असं वाटू लागतं की ऊब ही राहणाऱ्याच्या हुशारीवर अवलंबून आहे आणि जो गारठला तो थोडा आळशी किंवा अडाणी असणार. प्रत्यक्षात ट्रेलरमधली थंडी बऱ्याच अंशी दोन ठिकाणी आधीच ठरलेली असते. एक म्हणजे तो जिथे बनतो तो कारखाना, आणि दुसरं म्हणजे तो ज्या कायद्याखाली विकला जातो तो कायदा. ही दोन्ही ठिकाणं सोडून सगळी चर्चा प्लास्टिकवरच अडकते, हे खटकणारं आहे.

आधी कारखाना. अमेरिकेतल्या अशा गाड्यांपैकी सुमारे ऐंशी टक्के इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट आणि भोवतालच्या परिसरात बनतात. ट्रेलर घरच्या पिकअपला ओढता यायला हवा, म्हणून तिथे पहिली झुंज वजनाशी असते. साध्या ट्रेलरच्या भिंती जेमतेम चार-पाच सेंटिमीटर जाड, मध्ये फोम किंवा काचतंतूंची लादी. चौकट अनेकदा ॲल्युमिनियमची. हा धातू हलका खरा, पण आतली उष्णता बाहेर पोहोचवण्यात पटाईत. कडाक्याच्या रात्री अशा भिंतीवर चौकटीच्या पट्ट्या दवाच्या, कधी बर्फाच्या रेघांनी उमटून दिसतात. खिडक्यांना बहुधा एकेरी काच. भिंतीचा एखादा भाग खणासारखा बाहेर सरकवून खोली मोठी करायची सोय असेल, तर त्या फटीत थंडी आणि ऊब यांच्यामध्ये फक्त रबराची पट्टी.

आणि तळ. घर जमिनीवर बसलेलं असतं. हिवाळ्यातही खोलवरची जमीन हवेइतकी गार होत नाही, त्यामुळे घराची निदान एक बाजू तरी सुरक्षित राहते. ट्रेलरला तेही सुख नाही. डकोटाच्या माळावर वाऱ्याला आडवं यायला झाड नाही की टेकडी नाही. तो ट्रेलरच्या पोटाखालून सुसाट जातो. पाण्याचे नळ आणि सांडपाण्याच्या टाक्या नेमक्या याच पोटात.

म्हणून तेलपट्ट्यातल्या माणसांनी पहिल्यांदा खालची उघडी जागा बंद केली. नॉर्थ डकोटा विद्यापीठातले विल्यम कॅरहर आणि ब्रेट वेबर यांनी सहकाऱ्यांसह २०१२ पासून या कामगारांच्या मुक्कामाच्या तळांचा अभ्यास केला. कॅरहर हे खरं तर भूमध्यसमुद्राकाठच्या प्राचीन अवशेषांचे अभ्यासक. जिवंत माणसांच्या वस्तीकडे त्यांनी पुरातत्त्वज्ञाच्या नजरेने पाहिलं, आणि त्यामुळे एरवी कोणी टिपून ठेवल्या नसत्या अशा गोष्टी कागदावर आल्या. त्यांनी तळांचे तीन प्रकार पाडले. पहिले कंपन्यांनी चालवलेले, बराकींसारखे, जेवणखाण मिळणारे. दुसरे ट्रेलरचे तळ, जिथे भाडं भरलं की वीज, पाणी आणि सांडपाण्याची जोडणी मिळे. तिसरे कशाचीच सोय नसलेले, वाटेल तिथे गाडी लावून राहणारे. सगळ्यात जास्त कारागिरी दिसली ती दुसऱ्या प्रकारात.

ट्रेलरभोवती प्लायवूडचा किंवा फोमच्या जाड पाट्यांचा घेर. त्याला तिथे स्कर्टिंग म्हणतात. कुठे त्याला पेंढ्याच्या गठ्ठ्यांची पाठराखण. त्यात उंदीर येतात आणि ठिणगी पडली तर आगही पसरते, पण पेंढा स्वस्त असतो. कुठे साचलेलं बर्फच फावड्याने घेराला लावून ठेवलेलं. बर्फाने ऊब येते हे आपल्याला विचित्र वाटेल, पण भुसभुशीत बर्फात कोंडलेली हवा भरपूर असते; ती ऊब निसटू देत नाही, आणि बर्फ वारा अडवतं. याहून पुढची पायरी म्हणजे दारापुढे उभारलेली मडरूम. माल वाहायच्या लाकडी फळ्या, उरलेलं प्लायवूड, जुनी दारं-खिडक्या जोडून केलेली छोटी खोली. चिखलाने, तेलाने माखलेले बूट तिथे काढायचे, कपडे टांगायचे. पण तिचा खरा उपयोग वेगळाच. ट्रेलरचं दार थेट माळावर उघडलं, तर एका झटक्यात आतली सगळी ऊब निघून जाते. मडरूम असली की दोन दारं होतात. एक बंद केल्यावर दुसरं उघडायचं. काहींनी तिथे शीतपेटी ठेवली, हत्यारांचे कप्पे केले, बसायला खुर्ची टाकली. मालक काम संपवून ट्रेलर ओढत निघून जाई आणि मागे त्याची मडरूम तेवढी उभी राही, अशीही दृश्यं अभ्यासकांना दिसली.

ही माणसं आळशी किंवा अडाणी होती, असं हे वाचून कोणाला म्हणता येईल? बारा-बारा तासांची पाळी करून आल्यावर त्यांनी कारखान्याने अर्धवट सोडलेलं घर पूर्ण केलं. काही तळांच्या चालकांनी आगीच्या भीतीने अशा बांधकामांवर निर्बंध घातले. भीती खोटी नव्हती. लाकडाची खोली, आत गॅस, बाहेर पडायला एकच वाट. पण चालकाने स्वतः भाड्यात धरून नीट, न पेटणारं स्कर्टिंग लावून दिलं असतं, तर लाकडं गोळा करायची वेळ कमीच जणांवर आली असती.

आता गॅसची गोष्ट. ती महाराष्ट्रातल्या वाचकाला सहज कळावी असं एक माप हाताशी आहे. मध्यम आकाराच्या ट्रेलरवर पुढच्या बाजूला साधारणपणे तीस पौंडांचे, म्हणजे १३.६ किलोचे दोन सिलिंडर असतात. आपल्या स्वयंपाकघरातला १४.२ किलोचा लाल सिलिंडर जवळपास तेवढाच. चौघांच्या घरी तो महिनाभर, काटकसर केली तर त्याहून जास्त पुरतो. ट्रेलरमधली हवा तापवणारा, ताशी ३५,००० ब्रिटिश थर्मल युनिट खाणारा फर्नेस सलग जळत राहिला, तर तेवढाच गॅस अठरा-एकोणीस तासांत संपवतो. उणे २५ अंशांच्या रात्री तो फारसा बंद होतच नाही. म्हणजे एक सिलिंडर, एक दिवस. शिवाय यातली वीस-पंचवीस टक्के उष्णता धुरासोबत बाहेर जाते ती वेगळीच.

गॅस संपला नाही तरी तो येईलच असं नाही. आपल्याकडच्या सिलिंडरात ब्युटेन आणि प्रोपेनचं मिश्रण असतं. ब्युटेन उणे अर्ध्या अंशाला उकळतं. त्याहून थंडी वाढली की ते द्रवरूपातच बसून राहतं. लडाखमध्ये हिवाळ्यात साधा घरगुती सिलिंडर रुसतो तो यामुळे. अमेरिकेतल्या ट्रेलरांत प्रोपेन वापरतात, त्याचा उत्कलनबिंदू उणे ४२. पार्शलच्या त्या १९३६ च्या रात्री प्रोपेनसुद्धा सिलिंडरातून बाहेर आलं नसतं. प्रत्यक्षात त्रास खूप आधी सुरू होतो. द्रवाचा वायू होताना तो सिलिंडरचीच उष्णता ओढून घेतो, सिलिंडर आणखी गार पडतो, बाहेरून पांढरा होतो. त्यात गॅस अर्ध्यावर आलेला असेल, तर द्रवाला टेकलेला पत्रा कमी, म्हणून वायूही कमी. फर्नेसला जास्तीत जास्त गॅस हवा असतो त्याच पहाटे सिलिंडर कमीत कमी देतो. म्हणून तिथले जाणकार मोठी टाकी भाड्याने घेऊन ट्रेलरशेजारी उभी करतात; तिचा पृष्ठभाग मोठा, वायू भरपूर आणि टँकरने भरलेला गॅस किरकोळ दरापेक्षा स्वस्तही. अर्थात, त्यासाठी टाकी ठेवायची परवानगी, अनामत आणि एका जागी टिकून राहायची खात्री लागते. ज्याच्याकडे यातलं काहीच नाही, तो बर्फातून पंपावर जाऊन चढ्या भावाने छोटे सिलिंडर भरून आणतो. तीच ऊब गरिबाला महाग पडते.

एवढं करून सिलिंडर भरलेला असतानाही मध्यरात्री फर्नेस विझतो. कारण त्याचा पंखा बॅटरीवर चालतो. पंख्याला सात-आठ अँपिअर वीज लागते आणि लेड-ॲसिड बॅटरीची ताकद उणे १८ अंशांना निम्म्याच्या आसपास घसरते. जिथे विजेची जोडणी नाही, त्या तिसऱ्या प्रकारच्या तळांवर गॅसपेक्षा बॅटरीच आधी दगा देई.

मग विजेचा हीटर का वापरू नये? वापरतात. पण तळावरच्या खांबाची जोडणी बहुधा तीस अँपिअरची, १२० व्होल्टची. म्हणजे कागदोपत्री ३,६०० वॉट. पंधराशे वॉटचे दोन हीटर लावले की पाणी तापवायला, स्वयंपाकाला फारसं काही उरत नाही. आणि या उपायातली खरी मेख पुढे आहे. अनेक ट्रेलरांत फर्नेसच्या गरम हवेची एक वाट मुद्दाम पोटातून, नळांजवळून नेलेली असते. विजेचा हीटर खोली छान उबदार करतो, भिंतीवरच्या तापमापकाला वाटतं काम झालं, फर्नेस बंदच राहतो आणि फरशीखाली नळ गोठून फुटतात. सकाळी माणूस गंजिफ्रॉकवर बसून चहाला पाणी शोधत असतो.

नळ फुटला तर जोडता येतो. त्यापेक्षा ओल वाईट. झोपलेल्या माणसाच्या श्वासातून आणि घामातून रात्रभर पाणी हवेत जात असतं. दोघं असतील तर दुप्पट. त्यात गॅस. एक किलो प्रोपेन जळलं की त्यातून १.६ किलो पाणी तयार होतं. फर्नेसचा धूर नळकांड्यातून बाहेर जातो, त्यामुळे त्याचं पाणीही बाहेर जातं. पण धुरांडं नसलेला छोटा गॅस हीटर आत लावला, किंवा शेगडीच पेटवून ठेवली, तर हे सगळं पाणी खोलीतच राहतं आणि सगळ्यात गार जागा शोधतं. भिंतींना घाम फुटतो, गादीची खालची बाजू ओली होते, कपाटातले कपडे बुरशीने काळे पडतात, चादर भिंतीला चिकटून गोठते. यावर उपाय म्हणून छपरातला झरोका बोटभर उघडा ठेवायचा असतो. बाहेर उणे २५ असताना हे करायला धीर लागतो. उघडून गारठायचं की बंद ठेवून ओलीत राहायचं, असा तो पेच.

बंद ठेवण्यात आणखी एक धोका आहे आणि तो फक्त अमेरिकेतला नाही. जळण अपुऱ्या हवेत जळलं की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी तो जास्त चिकटतो. माणसाला डोकं जड झाल्यासारखं, झोप आल्यासारखं वाटतं. थंडीने थकलेल्या माणसाला त्यात वावगं काय वाटणार? अमेरिकेत आगीशी संबंध नसलेल्या अशा अपघाती विषबाधेने दरवर्षी चारशेहून अधिक लोक मरतात. २०२० च्या जानेवारीत केरळमधले आठ पर्यटक, त्यात लहान मुलंही होती, नेपाळमधल्या दामन या थंड हवेच्या ठिकाणी एका खोलीत गॅसचा हीटर लावून झोपले. दारं-खिडक्या आतून बंद. आठही जण गेले. २०२५ च्या जानेवारीत श्रीनगरमध्ये एकाच कुटुंबातले पाच जण राहत्या घरी मृतावस्थेत सापडले. बंद खोलीतल्या तापवायच्या साधनामुळे ते गुदमरले, असा संशय तिथेही होता. 

नव्या अमेरिकी ट्रेलरात या वायूचा धोका सांगणारा गजर असतो, गळका गॅस हुंगणारा दुसरा गजर फरशीलगत असतो, कारण प्रोपेन हवेपेक्षा जड. पण हे गजर काही वर्षांनी निकामी होतात, आणि हिवाळ्यात राहायला घेतले जातात ते ट्रेलर अनेकदा जुने, वापरलेले.

इथे कायद्याकडे वळावं लागतं. कारखान्यात बनून येणाऱ्या आणि कायम राहायच्या घरांसाठी अमेरिकेत १५ जून १९७६ पासून केंद्रीय बांधणी-नियम लागू आहेत. भिंतींतून, छपरातून किती ऊब निसटली तर चालेल, याची मर्यादा देशाचे तीन हवामान-पट्टे पाडून ठरवलेली आहे. ट्रॅव्हल ट्रेलर या नियमांतून सुटतो. २०१८ च्या नोव्हेंबरात केंद्रीय गृहनिर्माण खात्याने ही सूट आणखी स्पष्ट केली. ती मिळायची तर गाडी फक्त करमणुकीच्या वापरासाठी बनवलेली असली पाहिजे, मुख्य निवासासाठी किंवा कायमच्या मुक्कामासाठी नव्हे. तिला लागू होतात ती मानकं वेगळी. त्यांत आग, गॅस, वीज, नळ यांचा विचार आहे. पण उणे २० अंशांत महिनोन्‌महिने राहणाऱ्या माणसाला किती ऊब मिळावी, हा प्रश्न त्यांच्या चौकटीत बसत नाही, कारण असा माणूस कागदावर अस्तित्वातच नाही.

तो माणूस मात्र जनगणना खात्याच्या कागदावर आहे. तिथे ‘बोट, आरव्ही (म्हणजे अशा सहलीच्या गाड्या), व्हॅन इत्यादी’ असा राहत्या जागेचा स्वतंत्र रकाना असतो. एक सरकारी खातं म्हणतं इथे कोणी राहत नाही, दुसरं त्याच दारावर येऊन डोकी मोजून जातं.

ट्रेलरला नियमांतून मिळालेल्या सवलतीची किंमत अमेरिकेने एकदा मोजली आहे. २००५ च्या कतरिना वादळानंतर सरकारने बेघर झालेल्यांसाठी लाखाहून जास्त ट्रेलर आणि फिरती घरं विकत घेतली. काही महिन्यांत लोकांचे डोळे चुरचुरू लागले, नाकातून रक्त येऊ लागलं, मुलांचा खोकला थांबेना. दाबून बनवलेल्या लाकडी पाट्यांतून फॉर्माल्डिहाइड सुटत होतं. रोगनियंत्रण केंद्राने ५१९ ट्रेलर आणि फिरती घरं तपासली आणि २००८ च्या फेब्रुवारीत जाहीर केलं, की हवेतलं सरासरी प्रमाण अब्जात ७७ भाग आहे आणि उन्हाळ्याआधी लोकांना बाहेर काढायला हवं. कारखान्यात बनणाऱ्या घरांना तेव्हा या वायूबाबत मर्यादा होती. ट्रॅव्हल ट्रेलरला नव्हती. ते घर नव्हतंच ना! पुढे सरकारने हे ट्रेलर ‘राहण्यासाठी नाही’ अशी चिठ्ठी चिकटवून लिलावात विकले, आणि २०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातातली तेलगळती साफ करायला आलेल्या कामगारांच्या मुक्कामाला त्यातलेच काही निघाले. लाकडी पाट्यांच्या या दोषावर नंतर कायदा झाला. उबेचा प्रश्न मात्र तसाच राहिला. दाराच्या फटी बुजवा, झरोका बंद करा, असा सल्ला देताना आतली हवा कशाने भरली आहे, हेही पाहायला हवं, हा कतरिनाचा धडा जुगाडाच्या सल्ल्यांत क्वचितच येतो.

युरोपात जरा वेगळं घडलं. तिथला ट्रेलर म्हणजे कॅरव्हॅन. तीही सहलीसाठीच, पण हिवाळी सहलीची परंपरा जुनी, त्यामुळे ‘उबदार’ म्हणजे किती ते ठरवून टाकलेलं आहे. ईएन १६४५ या युरोपीय मानकात उबेच्या तीन श्रेणी आहेत. तिसरी श्रेणी मिळवायची तर कॅरव्हॅन उणे १५ अंशांच्या थंड खोलीत ठेवतात, हीटर लावतात आणि चार तासांत आतलं तापमान २० अंशांवर यावं लागतं. पाण्याची व्यवस्थाही चालू राहावी लागते. नापास झाली तर ती श्रेणी लावता येत नाही. अमेरिकेत विक्रेता ट्रेलरवर ‘चारही ऋतूंसाठी’ अशी पाटी लावतो. त्या पाटीमागे सर्वांना बांधून ठेवणारी कोणतीही चाचणी नाही. कोणाच्या पाटीमागे खरंच जाड तळ आणि दुहेरी काच असते, कोणाच्या पाटीमागे फक्त पाटी.

नियम कडक केले तर ट्रेलर महागतील आणि गरिबाचं शेवटचं छप्परही जाईल, असा आक्षेप यावर घेतला जातो. तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. विलिस्टनमध्ये २,४०० डॉलर भाडं परवडत नव्हतं म्हणूनच लोक ट्रेलरात राहिले. ट्रेलरला घराचे सगळे नियम लावले असते, तर त्यातले कित्येक जण गाडीच्या सीटवर झोपले असते. पण प्रत्येक ट्रेलरला घर ठरवावं, अशी ही मागणी नाहीच. युरोपासारखी चाचणी घेऊन निकाल दारावर लावायला गाडीचं वजन वाढवावं लागत नाही. आणि तळ चालवणाऱ्याला परवाना देतानाच चार अटी घालता येतात. हिवाळ्यात गाड्या राहणार असतील तर ५० अँपिअरची वीज, न पेटणारं स्कर्टिंग, गॅसची सामायिक मोठी टाकी, नळाला तापपट्टी. हा खर्च तळावर एकदाच होतो आणि पुढची दहा वर्षं तिथे येणाऱ्या प्रत्येकाला पुरतो.

गरीब कुटुंबांच्या इंधनखर्चाला हातभार लावणारी केंद्रीय योजना अमेरिकेत १९८१ पासून आहे. तिचे तपशील राज्याराज्यांत बदलतात, आणि ज्याच्या नावावर ना कायमचा पत्ता ना वीजबिल, त्याला अर्ज भरतानाच अडखळायला होतं. सिलिंडरची पावती आणि तळाचं भाडेपत्र हा पुरेसा पुरावा मानला, तरी यातली बरीच अडचण दूर होईल.

थंडीवरचा सगळ्यात जुना आणि खात्रीचा उपाय अर्थात निघून जाणं. ट्रेलरला चाकं आहेत ती त्यासाठीच. दर हिवाळ्यात हजारो गाड्या ॲरिझोनातल्या क्वार्टझाइटच्या वाळवंटात जमतात. जेसिका ब्रुडरच्या २०१७ मधल्या ‘नोमॅडलँड’ या पुस्तकाने ती दुनिया वाचकांपुढे आणली आणि २०२१ मध्ये त्यावरच्या चित्रपटाला ऑस्कर मिळाल्यावर भारतातही ती ओळखीची झाली. पण दक्षिणेला जायला पेन्शन तरी हवं किंवा दक्षिणेत काम तरी. ज्याचं काम उत्तरेतल्या तेलविहिरीवर, ज्याची मुलं तिथल्या शाळेत, त्याच्या ट्रेलरची चाकं बर्फात रुतलेलीच राहतात.

महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. कोकणात किंवा महाबळेश्वरला यातल्या कोणत्याच प्रश्नाने कोणाची झोप उडणार नाही. मात्र पुण्या-मुंबईचे लोक भाड्याच्या गाड्या घेऊन जानेवारीत स्पितीला आणि लडाखला निघू लागले आहेत, आणि ‘आत हीटर आहे’ एवढ्यावर त्यांचं समाधान होतं. हीटर गॅसचा असेल तर सिलिंडरात ब्युटेन किती, धूर बाहेर कुठून जातो, कार्बन मोनॉक्साइडचा गजर बसवला आहे का आणि कोणत्या वर्षी, पंख्याची बॅटरी उणे २० अंशांत रात्रभर टिकते का, हे पैसे भरण्याआधी विचारावं. भाड्याने देणाऱ्याला याची उत्तरं लेखी द्यायला लावणं पर्यटन खात्याला फार जड जाऊ नये. अर्जात चार रकाने वाढतील.